महिनाभर एकच छंद: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, शहादा, कुठूनही मेसेज आला तरी या चॅलेंजबद्दलचे प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवतेय. क्रम वगैरे लावलेला नाही, आठवले तसे घेतलेत, तुमचा प्रश्न सापडेपर्यंत खाली सरकत राहा.

हे चॅलेंज म्हणजे नेमकं करायचं काय?

एक छंद निवडायचा, महिनाभर रोज वीस मिनिटं त्याला द्यायची आणि महिना संपताना एक पूर्ण झालेली गोष्ट एका माणसाला दाखवायची. एवढंच. पण "पूर्ण झालेली" यावर माझा जोर आहे. "यंदा पेटी शिकायचीये" म्हणणारे मला प्रत्येक गल्लीत भेटतात आणि पाच वर्षांनी पण तेच म्हणत असतात, याउलट "आईच्या वाढदिवसाला एक भजन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवणार, चुकलं तरी थांबणार नाही" असं ठरवलेला माणूस बहुतेक वेळा वाजवून मोकळा होतो. फी नाही, फॉर्म नाही, सर्टिफिकेट पण नाही (खरंच विचारतात हो लोक, आपल्याकडे सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय शिकलो असं वाटतच नाही). कोणाला दाखवणार ते मात्र पहिल्याच दिवशी ठरवा आणि त्या माणसाला तारखेसकट सांगून ठेवा.

फक्त वीस मिनिटं? तासभर केलं तर लवकर येईल ना?

पहिले चार दिवस तासभर होतं, नवं नवं असतं. पाचव्या दिवशी पाहुणे येतात, सहाव्या दिवशी लाईट जाते, सातव्या दिवशी तुम्ही म्हणता आता तासभर कुठला, उद्या बघू. वीस मिनिटं पाहुण्यांना चहा देऊन झाल्यावर पण निघतात. शिवाय एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवून ठेवलंय की एका बैठकीत घोकण्यापेक्षा तेच थोडं थोडं दिवसांवर वाटून केलं की जास्त टिकतं. त्याने ते निरर्थक शब्दांची पाठांतरं करून बघितलं होतं, पण पेटीवर अलंकार घासणाऱ्या कोणालाही विचारा, तो हेच सांगेल.

एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, मग महिना कशाला?

तो एकवीसचा आकडा १९६० साली एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या लिखाणातून आलाय. त्याचं निरीक्षण असं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला स्वतःचा नवा चेहरा आपला वाटायला कमीत कमी एकवीस दिवस लागतात. पुढे लोकांनी "कमीत कमी" काढून टाकलं आणि चेहऱ्याच्या जागी सवय घातली, आणि आता प्रत्येक मोटिव्हेशनवाला तेच सांगतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर बारा आठवडे लक्ष ठेवलं होतं, २०१० मध्ये तो अभ्यास छापून आला, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत हलत होता. त्यामुळे महिन्यात सवय लागेलच असं मी छातीठोक सांगत नाही. महिना एवढ्यासाठी घेते की भिंतीवरच्या कालनिर्णयचं ते एक पान असतं, रोज फुली मारता येते, आणि नाहीच आवडलं तर पान उलटून सोडून देता येतं, कोणाला काही वाटत नाही.

कुठला छंद घेऊ, सुचतच नाहीये.

आधी घरात काय पडून आहे ते बघा. माळ्यावरची पेटी, सासूबाईंचं शिलाई मशीन ज्यावर आता इस्त्रीचे कपडे रचून ठेवतात, पोरीने एलिमेंटरीची परीक्षा दिली तेव्हाचा रंगांचा डबा, आणि काहीच नसलं तर हातातला मोबाईल. नवीन सामान आणून सुरू केलं की निम्मा उत्साह दुकानातच संपतो असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं म्हणजे तुम्ही कुठे थांबून बघता ते आठवा. लग्नात सगळे बँडसमोर नाचत असतात आणि तुमचं लक्ष क्लॅरिनेटवाल्याच्या बोटांवर असतं का? बाजारात सूप-टोपली विणणाऱ्या बाईसमोर तुम्ही उगाच पाच मिनिटं उभे राहता का? दुसऱ्याच्या दारातली रांगोळी बघून ठिपके मोजता का? मग उत्तर तिथेच आहे, गुगल करायची गरज नाही. तिसरी चाळणी प्रॅक्टिकल आहे, सामान काढून, वीस मिनिटं काम करून, परत जागेवर ठेवता आलं पाहिजे, म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने पहिल्याच महिन्यात मातीकाम घेऊ नये, घरचे बोलतील आणि त्यांचं बरोबर असेल.

आणि हो, "यातून पुढे काय मिळेल" हा प्रश्न महिनाभर बाजूला ठेवा. बिझनेस करायचा तर तो वेगळा विषय आहे, त्याचे प्रश्न मला विचारू नका.

रेल्वेतून रिटायर झालोय, आता या वयात बोटं वळतील का?

वळतील, जरा हळू वळतील. दहा हजार तास लागतात वगैरे जे कानावर येतं ते बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांच्या १९९३ सालच्या अभ्यासावरून पसरलेलं आहे, आणि ती पोरं मैफलीत वाजवायच्या तयारीची होती. तुम्हाला एकादशीला मंदिरात एक अभंग धरायचाय. उलट रिटायर माणसाकडे एक मोठी सोय असते, भजनी मंडळात जाऊन बसायला संध्याकाळ मोकळी असते. टाळ धरून बसा, कोणी हाकलत नाही, ठेका आधी अंगात बसतो आणि मग पेटी किंवा मृदंगाकडे सरकता येतं. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागा, आजकाल सगळीकडे देतात.

कोणता महिना चांगला?

आपल्याकडे हा प्रश्न महत्त्वाचाच आहे, पुण्याच्या लोकांना तो पडत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा वॉटरकलर घेऊन बसू नका, ब्रश पाण्यात बुडवून दुसरा रंग उचलेपर्यंत पहिला सुकून कागदावर कडक रेघ उमटलेली असते, आणि आपल्याला वाटतं आपला हात वाईट आहे. तेच डिसेंबरात करा, रंग रंगात मिसळायला वेळ मिळतो. उन्हाळ्यात बसून करायच्या गोष्टी घ्या, क्रोशे, मोडी लिपी, पाठांतर, पहाटेची बासरी. शेती असेल तर जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर आणि दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीच्या दिवसांत काही नवीन ठरवूच नका, वेचणीत बोंडाच्या टोकांनी बोटं इतकी खरचटलेली असतात की सुई-दोरा हातात धरवत नाही. गाणं शिकायचं तर श्रावण, कानबाईच्या, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीच्या, रोटांच्या उत्सवात घराघरात बायका गातात, ऐकायला आणि मागे म्हणायला आयतं मिळतं. थंडी मात्र सगळ्याला चालते, फक्त भरीत पार्ट्यांमुळे रविवार गेले असं धरून चाला.

क्लास लावू की यूट्यूबवर शिकू?

दोन्हीच्या आधी माणूस शोधा. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत, जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, हातात कला असलेली माणसं भरपूर आहेत, फक्त त्यांनी बोर्ड लावलेला नसतो. पेटी वाजवणारे काका, गोधडी शिवणारी मावशी, लग्नात रुखवत सजवणारी जेठाणी, गणपतीत मखर करणारा पोरगा. त्यांना "शिकवा" म्हटलं की ते लाजतात, "माले काय येतं भो" म्हणतात. "तुम्ही करताना मी शेजारी बसू का" असं विचारा, लगेच हो म्हणतात. यूट्यूब चांगलंच आहे, पण व्हिडिओला तुमचं मनगट दिसत नाही, आणि पहिल्या महिन्यातल्या अडचणी बहुतेक मनगट, पाठ आणि श्वास यांच्याच असतात. शिवाय एक व्हिडिओ बघून झाला की दुसरा येतो आणि वीस मिनिटं बघण्यातच जातात. म्हणून नियम साधा, बघणं त्या वीस मिनिटांत मोजायचं नाही.

क्लासबद्दल वाईट काही नाही, पण तीन महिन्यांची फी एकदम मागणारा क्लास पहिल्या महिन्यात टाळा.

ताई, स्वयंपाक छंदात धरायचा का? मला खापरावरची पुरणपोळी शिकायचीये.

का नाही धरायचा? मला विचाराल तर खान्देशातली सगळ्यात अवघड हस्तकला तीच आहे, आणि ती येणाऱ्या बायका दरवर्षी कमी होतायत, कारण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आता ऑर्डर देऊन मांडे, म्हणजे याच पोळ्या, मिळतात.

यात तुम्हाला काय काय वेगवेगळं शिकायचंय ते आधी समजून घ्या म्हणजे घाबरायला होणार नाही. पहिलं पीठ. गहू ओलवून दळायचे आणि पीठ कपड्यातून गाळायचं, मिठाच्या पाण्यात सैलसर भिजवायचं आणि मग तेलाचा हात लावत इतकं तिंबायचं की उचललं की लोंबलं पाहिजे पण तुटता कामा नये. दुसरं पुरण, ते पाट्यावर वाटलेलं एकदम मऊ हवं, हरभऱ्याच्या डाळीची एक कणी राहिली तरी पोळी तिथेच फाटते. तिसरं हात. उंडा (पिठाचा गोळा) भरून, थोडा लाटून, मग मनगटांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर फिरवत वाढवायचा, बोटांची टोकं लावायची नाहीत, तळहाताची मागची बाजू आणि मनगट यांच्यावर पोळीचं वजन पेलायचं, बांगड्या आधीच कोपरापर्यंत सरकवून. चौथं खापर, म्हणजे मातीचं मोठं भांडं, चुलीवर पालथं घातलेलं, त्यावर पाण्याचा शिपका मारला की चर्र करून लगेच उडालं पाहिजे. आणि पोळी त्यावर टाकतानाचा तो एक क्षण, दोन्ही हात एकदम खालून काढून घ्यायचे, थबकलात की घडी पडली.

आता हे सगळं एका दिवशी करायला गेलात तर रडाल. पहिला आठवडा फक्त पीठ, रोज थोडंसं भिजवा आणि ताणून बघा, त्याच्याच संध्याकाळी साध्या पोळ्या करून टाका म्हणजे वाया जात नाही. दुसऱ्या आठवड्यात पुरण न भरता नुसता उंडा हातावर फिरवा, ताटाएवढा झाला तरी पुरे. तिसऱ्यात पुरण भरून पण तव्यावर, गॅसवर मोठी लोखंडी कढई पालथी घातली तरी बऱ्यापैकी चालतं. खापर शेवटच्या आठवड्यात, आणि त्या दिवशी शेजारी जाणती बाई हवीच, पोळी कधी फाटणार हे तिला दोन सेकंद आधी कळतं. फाटलेली दुधात कुस्करून खा, ती पण छानच लागते. महिन्याअखेरीला घडी घालता येईल अशी एक पोळी झाली तरी चॅलेंज पूर्ण, रुमालासारखी पातळ वगैरे पुढच्या आखाजीला.

मला चित्र अजिबात येत नाही, शाळेत पण डोंगर-सूर्य-झोपडी एवढंच.

सगळ्यांचं तेच होतं. कारण आपण समोरचं बघून काढतच नव्हतो, डोक्यातलं काढत होतो. आठवडाभर एकच वस्तू रोज काढा. मी भरिताचं वांगं सुचवते, थंडीत कुठल्याही बाजारात मिळतं, आकार सोपा, आणि चित्र झाल्यावर भाजता येतं. आपलं बामणोदकडचं वांगं घ्या, ते हिरवं आणि पांढुरक्या पट्ट्यांचं असतं. बघा नीट, पट्ट्या सरळ जात नाहीत, वांग्याच्या फुगीर भागावरून वळत जातात आणि खालच्या बाजूला पुसट होतात. त्या पट्ट्या जशा वळतात तशा काढल्या की वांगं आपोआप गोल दिसायला लागतं, शेडिंग केलंच नाही तरी. देठाचा काटेरी टोप वांग्यावर बसतो तिथे खाली बारीक काळी सावली असते, ती काढली की वांगं आणि देठ वेगळे होतात. हे एवढं दिसलं तरी पहिल्या आठवड्याचं काम झालं.

एक एक्सरसाइज पण करा, कागदाकडे न बघता फक्त वांग्याच्या कडेवर नजर ठेवून पेन्सिल सावकाश चालवायची. चित्र भयंकर येतं, घरचे हसतात, हसू द्या, हाताला डोळ्याच्या स्पीडने चालायची सवय लागते. रबर पहिले पंधरा दिवस कपाटात. साहित्य म्हणाल तर दोनशे पानी वही, एक टूबी आणि एक सिक्सबी पेन्सिल. ऑक्टोबरात करणार असाल तर जगभर लोक त्या महिन्यात रोज शाईने एक चित्र काढतात, जेक पार्कर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने २००९ मध्ये ते सुरू केलं, सोबत मिळते. ऊन उतरल्यावर एखाद दिवस अजिंठ्याला जा आणि चित्रांतली फक्त बोटं बघून या, प्रत्येक हाताला काहीतरी म्हणायचंय. गुंफेत अंधार असतो, फ्लॅश चालत नाही, त्यामुळे नाइलाजाने डोळ्यांनीच बघावं लागतं, ते बरंच आहे.

मोबाईलवर फोटोग्राफी करायची, पण आमच्या गावात फोटो काढण्यासारखं काही नाही.

चाळीसगावला जाऊन या. तिथे रेल्वे स्टेशनजवळ केकी मूस यांचा बंगला आहे. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ, आणि आयुष्यातली कित्येक वर्षं हा माणूस त्या बंगल्याच्या बाहेर जवळजवळ पडलाच नाही. पण आतल्या आत चित्रकला, लाकडातलं काम, कागदाच्या घड्यांचं काम आणि मुख्य म्हणजे टेबलटॉप फोटोग्राफी, म्हणजे टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यावर उजेड नेमका पाडून असा फोटो काढायचा की बघणाऱ्याला खरंखुरं दृश्य वाटावं. गावात काही नाही म्हणणाऱ्याने ते फोटो बघावेतच.

तुमच्यासाठी चॅलेंज असं, महिनाभर एकच टेबल, एकच खिडकी, वस्तू रोज वेगळी. मिरच्या, दोऱ्याचं रीळ, चहाची गाळणी, कापसाचं बोंड. फिल्टर नाही. सकाळी साडेआठचा उजेड आणि संध्याकाळी सहाचा उजेड यांतला फरक कळायला लागला की पुढचं सोपं आहे.

मोडी शिकून काय उपयोग?

आत्ताच सांगितलं ना उपयोगाचं विचारू नका म्हणून! तरी याला खरंच आहे उपयोग, घरातले पणजोबांचे खरेदीखताचे कागद वाचता येतात. आणि २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं काम जोरात सुरू झालं तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली.

सुरुवातीला सोपं जातं, बरीच अक्षरं आठवड्याभरात ओळखू यायला लागतात. मोडीत आधी आडवी रेघ आखून घेतात आणि अक्षरं तिला लटकवत, हात शक्य तितका कमी उचलत लिहीत जातात, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, त्यामुळे शुद्धलेखनात मार्क गेलेल्यांनी खुशाल यावं. खरी अडचण दुसऱ्या आठवड्यात येते, छापील तक्त्यातलं अक्षर आणि कारकुनाने घाईत लिहिलेलं अक्षर यांचा काही संबंधच दिसत नाही. तेव्हा पेशवेकाळातली, बोरूने लिहिलेली कागदपत्रं आधी घ्या, ती त्यातल्या त्यात सुटसुटीत असतात, इंग्रजांच्या काळातल्या टाकाने लिहिलेल्या किचकट कागदांकडे नंतर सरका. धुळेकरांना तर बहाणाच नाही, इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आहे, जुन्या हस्तलिखितांसाठी समर्थ वाग्देवता मंदिर आहे, एवढा खजिना गावात असून आपण मॉलमध्ये फिरतो. महिन्याचं टार्गेट, स्वतःच्या घरातल्या एका जुन्या कागदाच्या पहिल्या पाच ओळी. घरात कागद नसेल तर भाऊबंदांत विचारा, कोणाच्या तरी ट्रंकेत असतोच (वाटणीचा वाद चालू असेल तर मात्र जपून विचारा).

बासरी घेतली, पण फुंकून फुंकून चक्कर येते आणि शेजारी वैतागलेत.

चक्कर येते कारण जोर जास्त लागतोय. थांबा, पाणी प्या, पाच मिनिटांनी परत. पहिला आठवडा एकही भोक न झाकता फक्त फुंकर बसवा, ओठांची फट बारीक, हवा भोकाच्या समोरच्या काठावर आपटली पाहिजे. मोठी बेस बासरी पहिल्यांदा घेऊ नका, भोकं लांब लांब असतात आणि बोटं पोचत नाहीत, मध्यम साइजची घ्या.

शेजाऱ्यांसाठी वेळ ठरवून सांगा. अवेळी वाजणाऱ्या आवाजाचा राग येतो, ठरलेल्या वेळेचा तेवढा येत नाही. संध्याकाळी सगळ्यांच्या टीव्हीवर सिरियल चालू असते तेव्हा वाजवा, कोणाला पत्ता लागत नाही.

पक्षी बघणं क्रिएटिव्ह आहे का?

वहीत काढून लिहून ठेवलं तर आहे. दुर्बीण लगेच नको. पहिले दोन आठवडे गच्चीवरून आणि बांधावरून, बुलबुल, दयाळ, कोतवाल, वेडा राघू, शिंपी, एवढे पाच आवाजावरून ओळखता आले पाहिजेत. मग थंडीत एका पहाटे तापीवर हतनूर धरणाला जा, चक्रवाक आणि बाकीची बदकं पाण्यावर थव्याने असतात. स्वेटर घाला आणि भडक रंग टाळा. जळगावात राहत असाल तर मेहरूण तलाव पण वाईट नाही.

अहिराणीत लिहायचंय, पण अहिराणीत लिहिलं की लोक हसतात, आणि माझं शिक्षण पण कमी आहे.

आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर काम करता करता रचायच्या, घरच्यांनी लिहून ठेवलं म्हणून ते राहिलं, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्यामुळे शिक्षणाचा मुद्दा इथेच संपला.

शुद्धलेखनाचं म्हणाल तर जसं बोलता तसंच लिहा, तुमच्या गावात डोळ्याला डोया म्हणत असतील तर डोया लिहा, पाच कोसावरच्या गावात वेगळं म्हणतात म्हणून अडून बसू नका. आणि कविता लिहायला बसू नका पहिल्याच दिवशी. रोज एक बोललेलं वाक्य पकडा, बाजारात, एसटीत, विहिरीवर, मयताला गेलात तर तिथलं सुद्धा, आणि कोण कोणाला का म्हणालं ते दोन ओळींत लिहा. आईचं भांडण सगळ्यात भारी मटेरियल आहे. टाइप करायचा कंटाळा असेल तर मोबाईलमध्ये बोलून रेकॉर्ड करा आणि रात्री उतरवा. परदेशात एका गटाने १९९९ मध्ये एका महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायची टूम काढली होती, तसलं काही आपल्याला नको, दिवसाला दोन ओळी पण खऱ्या कानावर आलेल्या.

मध्ये खाडा पडला तर पहिल्यापासून सुरू करायचं का?

नाही. वर सांगितलेल्या लंडनच्या अभ्यासात पण दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फार फरक पडत नाही. कॅलेंडरवर त्या दिवसाची चौकट कोरी ठेवा, खाडाखोड करून फुली मारू नका, आणि दुसऱ्या दिवशी वीसच मिनिटं करा, चाळीस करून भरपाई करायला जाऊ नका, भरपाईच्या नादात तिसरा दिवस पण जातो. सलग चार-पाच दिवस गेले तर मात्र बघा, बहुतेक वेळा छंद चुकीचा नसतो, वेळ चुकीची असते. रात्रीची सकाळी करून बघा. घरात आजारपण असेल तर सरळ बंद करा आणि पुढच्या महिन्यात या.

रोज स्टेटसला टाकू का?

नका टाकू. पहिल्या आठवड्यात "वा वा" येतात, दुसऱ्या आठवड्यात कोणी बघत नाही आणि तुमचा हात थंड पडतो. शिवाय कोणीतरी काका लिहितातच, "हे कशाला, नोकरीचं बघ." ठरवलेल्या एका माणसाला दर रविवारी दाखवा, तेवढं पुष्कळ आहे.

घरचे म्हणतात रिकामे धंदे आहेत.

त्यांना पोळी खायला द्या, फोटो त्यांचा काढा, पेटीवर त्यांचं आवडतं गाणं वाजवा. तरी म्हणतील, म्हणू द्या. सासू-सासऱ्यांच्या बाबतीत एक ट्रिक चालते, त्यांनाच काहीतरी शिकवायला सांगा. सासूबाईंची गोधडीची टाक्यांची रांग एकदा शेजारी बसून धरून बघितली ना, की वीस मिनिटांचे दोन तास होतात आणि रिकामे धंदे हा शब्द परत निघत नाही.

मुलांना पण घेऊ का सोबत?

घ्या, पण त्यांचा छंद वेगळा आणि वही वेगळी. आणि त्यांचं दुरुस्त करत बसू नका.

एका महिन्यात दोन छंद चालतील का?

नाही.

महिना संपला, आता?

तीन गोष्टी होऊ शकतात. आवडलं असेल तर तोच छंद पुढच्या महिन्यात, पण टार्गेट नवं, एका भजनाचे दोन, पाच ओळींचं अख्खं पान. ठीकठाक वाटलं असेल तर महिनाभर काहीच करू नका, हात आपोआप तिकडे जातो का बघा. आवडलं नसेल तर सामान पुढच्या माणसाला देऊन टाका, आमच्याकडे एक बासरी अशीच चार घरं फिरून आता एरंडोलला आहे, आणि क्रोशाच्या सुया सध्या कोणाकडे आहेत ते ज्याच्याकडे असतील त्याने कृपया कळवा, एक जण थांबलीये त्यांच्यासाठी.